माशांचे खाद्य आणि तळ्यातील पाणी

मत्स्यशेतीच्या खर्चात खाद्याचा वाटा बहुधा निम्म्याहून अधिक असतो. हे खाद्य माशांसाठी घातले जात असले, तरी त्यातील पोषकद्रव्यांचा मोठा भाग अखेरीस पाण्यात व तळाच्या गाळात जातो. म्हणूनच तळ्यात किती खाद्य घालावे, याची मर्यादा माशांच्या भुकेपेक्षा पाण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते.

प्रथिनांमध्ये सरासरी १६ टक्के नत्र असते. त्यामुळे ३० टक्के प्रथिने असलेल्या १०० किलो खाद्यातून सुमारे ४.८ किलो नत्र तळ्यात येते. त्यातील साधारण पाव ते एक तृतीयांश भागच माशांच्या अंगी लागतो. उरलेले नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात, तसेच विष्ठेतून व न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात मिसळते.

अमोनियाची विषारी मात्रा पाण्याच्या सामूनुसार बदलते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ९ झाल्यास तो एक तृतीयांशाहून अधिक होतो. शैवाल प्रकाशसंश्लेषण करीत असल्याने दुपारनंतर सामू चढतो आणि धोका वाढतो. अशा वेळी कळीचा चुना टाकल्यास सामू आणखी वाढून नुकसान होऊ शकते.

स्फुरदाचा प्रश्न वेगळा आहे. पेंड व कोंड्यातील बराचसा स्फुरद फायटेट या रूपात असतो आणि तो माशांना पचत नाही. विष्ठेवाटे बाहेर पडलेला हा स्फुरद गाळात साठतो व पाण्यातील शैवालाला खत पुरवतो. शैवाल दिवसा प्राणवायू देते. रात्री मात्र ते, मासे आणि गाळातील जिवाणू असे सर्वच प्राणवायू वापरतात. परिणामी पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू माशांना मानवतो. तो फार घटला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात आणि एका रात्रीत संपूर्ण पीक हातचे जाऊ शकते.

आंध्र प्रदेशातील कोल्लेरू परिसरात रोहू व कटला यांच्या तळ्यांमध्ये छिद्रे पाडलेल्या पिशव्यांत कोंडा व पेंड भरून त्या बांबूंना बांधतात. मासे गरजेनुसार खातात. पिशवीत खाद्य उरल्यास दुसऱ्या दिवशीचे प्रमाण कमी करता येते. कोळंबीच्या तळ्यांत हेच काम तपासणीच्या ताटल्या करतात. ढगाळ हवामानात खाद्य कमी करणे, रात्री वायुवीजन यंत्रे चालवणे, सहज पचणारी प्रथिने निवडणे व खाद्यात फायटेज हे विकर मिसळणे हे अन्य उपाय आहेत.

तळे रिकामे करताना हीच पोषकद्रव्ये सार्वजनिक जलाशयात जातात. कोल्लेरू सरोवराला २००२ मध्ये रामसर दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये तेथील बेकायदा मत्स्यतळ्यांचे बांध तोडण्यात आले. वाया जाणारे खाद्य हा उत्पादकाचा तोटा असतोच. त्याचा उरलेला भार शेजारच्या पाण्याला वाहावा लागतो.