लहान वर्तमानपत्र आणि त्याचा वाचक

मराठी वर्तमानपत्रांचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा मुंबई-पुण्याचीच नावे घेतली जातात. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले आणि ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात ‘केसरी’ निघाला, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु विद्यापीठ, न्यायसभा आणि मोठी बाजारपेठ यांचा आधार नसलेल्या ठिकाणी निघालेली लहान पत्रे कशी जगली आणि त्यांना वाचक कोठून मिळाला, हा प्रश्नही तितक्याच विचाराचा आहे.

उरण तालुक्यातील मोरा बंदराचेच उदाहरण घ्या. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच तासाभरात मोऱ्यास लागते. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत आगगाडीही येऊ लागली आहे. राजधानीचे पत्र ज्या गावाच्या इतके हाताशी आहे, तेथील मनुष्याने लहानसे स्थानिक पत्र विकत का घ्यावे? मोठ्या पत्राची छोटी नक्कल करून तर तो खचित मिळावयाचा नाही. या प्रश्नाचे उत्तर तर्कापेक्षा दोन पत्रांच्या वृत्तांतातून अधिक नीट मिळते.

पहिले पत्र ‘दीनमित्र’. सत्यशोधक चळवळीतील कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. त्यांचेच पुत्र, परंतु दत्तक गेल्यामुळे पाटील झालेले मुकुंदराव, यांनी १९१० साली नगर जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले आणि पुढे ते नेवासे तालुक्यातील तरवडीहून चालविले. १९११ च्या जनगणनेप्रमाणे हिंदुस्थानात शेकडा सुमारे सहाच माणसे साक्षर होती; खेड्यातील कुणब्यांत हे प्रमाण याहूनही कमी असणार, हे उघड आहे. अशा ठिकाणी पत्र काढणे म्हणजे खडकावर पेरणी करणे, असेच कोणीही म्हटले असते.

पण मुकुंदरावांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकता येते. एकाने पोथी वाचावी आणि भोवती बसलेल्यांनी ऐकावी, ही चाल खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या रूढ होती. म्हणून गावकामगार कुलकर्ण्याच्या कारभाराचे वाभाडे काढताना त्यांनी ओवीच पत्करली. त्यांच्या ‘कुलकर्णीलीलामृत’ या १९१३ सालच्या काव्याचे नुसते नावही पोथीची आठवण करून देते. सावकारावरील ‘शेटजीप्रताप’ही त्याच जातीचे. श्रोत्याला भाषा ओळखीची, छंद ओळखीचा, आणि ज्याच्यावर चाबूक ओढला जात आहे तो मनुष्य तर रोजच्या पाहण्यातला! पत्राचा वाचक असा घडला. शिवाय, केवळ सावकार आणि कुलकर्णी यांच्यावर टीका करून मुकुंदराव थांबले नाहीत. शेतकऱ्याच्या अंगचे भोळेपण आणि धर्माच्या नावावर त्याने चालविलेला खर्च यांवरही त्यांनी तितकेच कोरडे ओढले. १९६७ मध्ये मुकुंदरावांचे निधन झाले. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ हे व्रत चालले.

दुसरे पत्र मोऱ्याच्या अधिक जवळचे, जुन्या कुलाबा जिल्ह्यातील. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी १९३३ साली खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला आणि तो १९३९ पर्यंत पाळला. नारायण नागू पाटील हे या संपाचे नेते. १९३४ साली डॉ. आंबेडकर चरीस आले, आणि १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. त्याच १९३७ साली नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. सहा वर्षे पीक बुडालेल्या माणसाला दूरच्या राजकारणापेक्षा आपल्या खोताने, मामलेदाराने आणि शेजारच्या गावाने काल काय केले, हे कळणे अधिक अगत्याचे असते. तेथे वर्गणी ही करमणुकीची किंमत राहत नाही. ती लढ्याच्या खर्चातील वाटणी होते. साप्ताहिक म्हणून वाढलेले हे पत्र पुढे दैनिक झाले, यात म्हणून नवल नाही.

तथापि या यशातच एक धोका आहे. वाचक आणि पत्र एकाच लढ्यात उभे राहिले की वाचकाला रुचेल तेवढेच छापण्याचा मोह पडतो. मग पत्राचे पत्रक होते, आणि लढा संपताच वाचकही पांगतो. मुकुंदरावांचे कोरडे येथे आठवावेत. आपल्याच माणसाला दोष दाखविणारे पत्र काही वर्गणीदार गमावते, परंतु त्याच्या शब्दास शत्रूही मान देतो. आणि लहान पत्रापाशी या मानाखेरीज दुसरे भांडवल ते कोणते?

उरणच्या भूमीवर अशा पत्राला विषयांची वाण कधीच पडली नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या सुटल्या. जानेवारी १९८४ मध्ये, नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच माणसे बळी पडली. मोठ्या पत्रांच्या दृष्टीने ही चार दिवसांची बातमी. परंतु ज्याची जमीन गेली त्याच्यासाठी साडेबारा टक्के भूखंडाचा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे रोजचाच राहिला. कोणाला भूखंड मिळाला, कोणाचा अडला, कोणत्या कागदावाचून अडला, आणि मिळालेला कोणी कवडीमोलाने विकून टाकला, हे सारे, यातील शेवटचे अप्रिय सत्यही न वगळता, आठवड्यामागून आठवडा चिकाटीने सांगणारे पत्र मुंबईहून येत नाही. ते गावातच निघावे लागते; आणि त्याला वाचकही तेथेच मिळतो.