डोक्याच्या ऑपरेशनआधी हात धुवायला शिकावं लागलं



घरात कुणाच्या मेंदूचं ऑपरेशन ठरलं की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘सर्जन कोण आहे?’ प्रश्न बरोबरच आहे. पण मेंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवत राहिलं की सर्जनच्या हाताइतकंच आणखी कशावर तरी सगळं अवलंबून होतं. ते काय, ते आज सांगते.

२५ नोव्हेंबर १८८४. लंडनमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात २५ वर्षांचा एक शेतकरी तरुण टेबलावर होता. त्याच्या शरीराच्या डाव्या बाजूला झटके येत होते, डाव्या हातातली शक्ती जात चालली होती, डोकं भयंकर दुखायचं, उलट्या व्हायच्या. एक्स-रेचा शोध लागायला अजून अकरा वर्षं होती. तरीही डॉ. बेनेट यांनी केवळ लक्षणांवरून सांगितलं की गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला, अमुक ठिकाणी आहे. रिकमन गॉडली या सर्जननी नेमकी तिथेच कवटी उघडली. वरून काही दिसेना. थोडं आत गेल्यावर गाठ सापडली, अक्रोडाएवढी. ती त्यांनी काढली. झटके थांबले. सगळीकडे या ऑपरेशनचा बोलबाला झाला.

अठ्ठावीस दिवसांनी तो तरुण गेला. गाठीने नाही, जखमेत झालेल्या जंतुसंसर्गाने.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. निदान बरोबर होतं, हात कुशल होता, गाठही निघाली. ऑपरेशन एका दिवसाचं होतं आणि नंतरची शुश्रूषा अठ्ठावीस दिवसांची. माणूस हातचा गेला तो त्या अठ्ठावीस दिवसांत.

तसं पाहिलं तर कवटीला भोक पाडण्याचं धाडस माणसाकडे फार पूर्वीपासून होतं. काश्मीरमधल्या बुर्झाहोम इथे नवाश्मयुगातली एक कवटी सापडली, तिच्यावर भोकं पाडल्याच्या खुणा आहेत. दक्षिण अमेरिकेत पेरूमध्ये तर अशा कितीतरी कवट्या मिळाल्या. त्यांतल्या अनेकांच्या भोकांच्या कडा गुळगुळीत झालेल्या आहेत. हाड भरून यायला वेळ लागतो, म्हणजे ती माणसं त्यानंतरही जगली होती. हे सगळं दगडाच्या नाही तर साध्या धातूच्या हत्यारांनी केलेलं. मग एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या शहरांत, शिकलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली, लोक का मरत होते?

कारण हॉस्पिटलंच घाण होती. तेव्हा घरी सोय असलेला माणूस हॉस्पिटलात जायचाच नाही. घरीच डॉक्टर बोलवायचा. हॉस्पिटल गरिबांसाठी. १८४६ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला इथर देऊन ऑपरेशन करून दाखवलं गेलं आणि वेदना न होता चिरफाड शक्य झाली. ऑपरेशनं वाढली, पण हात, हत्यारं, पट्ट्या तशाच. रक्ताने कडक झालेला जुना कोट घालून सर्जन एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जायचे. जखमेत पू होणं हे तर बरं होण्याचं लक्षण समजलं जायचं.

याची सगळ्यात मोठी किंमत बाळंतिणींनी मोजली. व्हिएन्नाच्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकराहून जास्त बायका दगावल्या, सुईणींच्या विभागात तीनपेक्षा कमी. बायकांना हे माहीत होतं. डॉक्टरांच्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडायच्या. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने कारण शोधलं. शिकाऊ डॉक्टर सकाळी मुडद्यांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींना तपासायला यायचे. मे १८४७ पासून त्याने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका गेल्या होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास.

इतका लख्ख पुरावा समोर असूनही मोठ्या डॉक्टरांना ते मानवलं नाही. आमच्या हातांनी मृत्यू येतो हे कोण मान्य करणार? सेमेलवाइसची नोकरी गेली, पुढे मन ढासळलं, आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात गाडीचं चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा एक मुलगा जोसेफ लिस्टर यांच्याकडे आला. हाड मोडून बाहेर दिसत होतं. अशा वेळी बहुतेक पाय कापावा लागे, नाही तर जीव जाई. लिस्टरनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. पू झालाच नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं. हवेत, हातांवर, हत्यारांवर न दिसणारे जंतू असतात आणि तेच जखम कुजवतात, हे पाश्चरच्या कामावरून लिस्टरनी ओळखलं होतं.

आपल्या घरात पाणी गाळून घ्यायची रीत आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यामुळे लिस्टरचं म्हणणं आपल्याला चटकन पटतं. पण म्हणून ‘आमच्याकडे हे आधीच होतं’ असं मी म्हणणार नाही. आपण गाळतो ते त्या जीवांना इजा होऊ नये म्हणून. लिस्टर जंतू मारायला निघाले होते, कारण जखमेतले जंतू आणि तो मुलगा यांतलं एकच वाचणार होतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि वेगळ्याच ठेवाव्यात.

लिस्टरचाच एक विद्यार्थी विल्यम मॅकइवेन. त्याने १८७९ मध्येच ग्लासगोत एका चौदा वर्षांच्या मुलीच्या मेंदूवरची गाठ काढली होती. ती मुलगी पुढे आठ वर्षं जगली. पुढे मेंदूत पू साठलेल्या एकोणीस रोग्यांवर त्याने ऑपरेशन केलं, त्यांतले अठरा बरे झाले. १८९३ साली त्याने हे छापलं. पेनिसिलिन रोग्यांपर्यंत पोचायला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं होती, हे लक्षात घेतलं म्हणजे आकड्याचं मोल कळतं.

हे त्याला जमलं कसं? एक तर तो स्वच्छतेच्या बाबतीत अतिशय कडक होता, सगळं उकळून घ्यायचा. आणि दुसरं म्हणजे रोग्याला रात्रंदिवस बघणाऱ्या बायकांची किंमत त्याला कळलेली होती. ग्लासगोच्या त्या हॉस्पिटलच्या मेट्रन होत्या रेबेका स्ट्राँग. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनी १८६० मध्ये लंडनला नर्सिंगची जी शाळा काढली, तिथे त्या शिकल्या होत्या. नाइटिंगेलबाईंच्या हातातला कंदील सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांचं खरं काम खिडक्या, मोऱ्या, स्वच्छ चादरी आणि मृत्यूंचे तक्ते यांचं होतं. स्ट्राँगबाई त्याच तालमीतल्या. १८९३ मध्ये त्यांनी आणि मॅकइवेनने मिळून नवा पायंडा पाडला. मुलीला वॉर्डात पाठवण्याआधी वर्गात बसवून शरीररचना, स्वच्छता शिकवायची, परीक्षा घ्यायची, मगच रोगी तिच्या हातात द्यायचा. एकीकडे मेंदूची ऑपरेशनं आणि दुसरीकडे नर्सचं रीतसर शिक्षण. दोन्ही एकाच हॉस्पिटलात, एकाच माणसाच्या आग्रहातून झालं, हा योगायोग मला वाटत नाही.

आता एक अवघड गोष्ट, जी आपल्यासारख्यांनी टाळून पुढे जाऊ नये. गाठ कुठे आहे हे त्या डॉक्टरांना कसं कळलं? मेंदूचा कोणता भाग कोणता अवयव हलवतो, हे डेव्हिड फेरियर यांनी माकडं, कुत्री यांच्या मेंदूला वीज लावून शोधलं होतं. त्यावरून १८८१ मध्ये प्राण्यांच्या छळाच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटलाही झाला, पण ते सुटले. १८८४ चं ऑपरेशन झाल्यावर लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्रात पत्र आलं की पाहा, त्या प्रयोगांमुळे माणूस वाचतोय. त्यावर दोन्ही बाजूंनी पत्रांचा पाऊस पडला. माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. त्या मुक्या जीवांच्या वेदनेतून आलेलं ज्ञान आज आपल्या घरच्या माणसाला वाचवतं हे खरं, आणि ती वेदना झाली हेही खरं. ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून आपण दान करतो, भांडार भरतो. त्या वेळी या जीवांचीही आठवण मनात असावी, एवढं मला वाटतं.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स होती कॅरोलिन हॅम्पटन. जंतुनाशक औषधाने तिच्या हातांची कातडी सोलवटून निघायची. भांड्यांच्या पावडरने हात फुटतात ना, त्याच्या शंभरपट. तेव्हा तिथले सर्जन हॉलस्टेड यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात रबराच्या कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. हळूहळू इतरांनीही ते घातले आणि लक्षात आलं की जखमा कमी चिघळतात. आज जगभर ऑपरेशनला जे हातमोजे वापरतात, त्यांची सुरुवात एका नर्सच्या फुटलेल्या हातांपासून झाली. हॉलस्टेडशी लग्न झाल्यावर तिने नर्सिंग सोडलं.

याच हॉलस्टेडच्या हाताखाली हार्वी कुशिंग तयार झाला. मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शास्त्र केलं ते त्याने. विद्यार्थी असताना तो इथर देत होता आणि रोगी टेबलावरच गेला. त्यानंतर १८९४ मध्ये त्याने आणि त्याच्या मित्राने भूल दिलेल्या रोग्याची नाडी आणि श्वास दर थोड्या वेळाने कागदावर लिहायला सुरुवात केली. १९०१ मध्ये इटलीत त्याने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र पाहिलं आणि ते अमेरिकेत आणून ऑपरेशनच्या वेळी वापरलं. रोग्याच्या पायाशी लटकणारा तो तक्ता आपण बघतो ना, त्याच्या मागे हा सगळा खटाटोप आहे.

आणि कुशिंगच्या मागे होती लुईस आयझेनहार्ट. १९१५ मध्ये ती त्याच्याकडे लिखाणाच्या कामात मदतीला लागली. काम करता करता स्वतः डॉक्टर झाली, गाठींची तज्ज्ञ झाली. प्रत्येक गाठ कोणत्या प्रकारची, ऑपरेशननंतर रोग्याचं पुढे काय झालं, किती जगला, याची नोंद ती वहीत ठेवायची. १९३१ मध्ये कुशिंगने दोन हजारावं ऑपरेशन केलं. त्यांतून काय शिकायचं, कोणती गाठ काढावी, कोणत्या गाठीला हात लावू नये, हे कळलं ते या नोंदींमुळे. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचं मासिक निघालं, त्याची पहिली संपादक तीच.

आपल्या देशातही हाच क्रम दिसतो. तमिळनाडूतल्या वेल्लोरला १९४९ मध्ये डॉ. जेकब चांडी यांनी देशातला पहिला मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. पण त्याच हॉस्पिटलात आयडा स्कडर या डॉक्टरबाईंनी नर्सची शाळा काढली होती १९०९ मध्ये. चाळीस वर्षं आधी.

मैत्रिणींनो, यातून आपल्याला करण्यासारखं बरंच आहे. ऑपरेशन झालेल्याला भेटायला जाणं आपल्याकडे कर्तव्य मानतात. दहा-दहा जणी मिळून जातो, लहान मुलं बरोबर, पलंगावरच बसतो. जावं, पण एकेकटीने, साबणाने हात धुऊन, पाच मिनिटं. सर्दी-खोकला असेल तर डबा दारात देऊन परत यावं. याला कुणी कोरडेपणा म्हटलं तर म्हणू द्या. नर्सताईला ‘ए सिस्टर’ अशी हाक न मारता नाव विचारावं.

आणि दूधवाल्याच्या हिशेबाला ठेवतो तशी एक वही घ्यावी. ताप किती, औषध किती वाजता दिलं, रोगी काय जेवला, जखम लाल दिसते का, कुठे ओल आहे का, सगळं तारीख-वेळ घालून लिहावं आणि डॉक्टर आले की ती वही त्यांच्या पुढे करावी.