ताक-भाकरीवर टिकलेलं कुत्रं

कोल्हापूरकराला कसला ना कसला नाद असतोच. कुणाला तालमीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला म्हशी पळवण्याचा, कुणाला कबुतरांचा. या सगळ्या नादांवर लोकांनी भरभरून लिहिलंय. पण अजून एक नाद आहे, ज्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. तो म्हणजे चांगल्या रक्ताची कुत्री पाळण्याचा, आणि पाळण्यापेक्षाही ती पिढ्यान् पिढ्या तशीच राखण्याचा. गेले काही महिने मी यावर मिळेल ते वाचतोय, जुन्या माणसांना प्रश्न विचारून भंडावतोय. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

कुत्रं म्हणजे कुठलं, तर आपलं कारवान. उंच, बारीक कमरेचं, लांबट तोंडाचं, खोल छातीचं. खांद्यापाशी साधारण पंचवीस ते अठ्ठावीस इंच. नव्या माणसाला वाटतं मालक उपाशी ठेवतो की काय! पण ते तसंच असतं. वासावर नाही, नजरेवर शिकार करणारं कुत्रं. लांबवर ससा हलला की याच्या डोळ्यांना दिसतो आणि मग ते बाणासारखं सुटतं. स्वभावाने तुटक. परक्याने अंगाला हात लावलेला खपत नाही, शेपूट हलवून लाडीगोडी करणं तर नाहीच. कोल्हापूर, सांगली, सोलापूरपासून पार लातूरपर्यंत आणि खाली विजापूर, बागलकोटपर्यंत हे कुत्रं सापडतं. कान-शेपटीला लांब केस असलेल्याला पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव कारवान आणि पश्मी या दोन्हींसाठी प्रसिद्ध आहे.

नावाचा उगम सांगताना लोक व्यापाऱ्यांच्या तांड्यांकडे, म्हणजे कारवाँकडे बोट दाखवतात. अरबस्तान आणि मध्य आशियातून तांड्यांबरोबर आलेल्या सलुकीसारख्या कुत्र्यांचा हा वंश, असं म्हणतात. दिसायला साम्य नक्कीच आहे. पण दख्खनच्या दगडगोट्यांत, काट्याकुट्यांत इतक्या पिढ्या काढल्यावर ते आता इथलंच झालंय. धनगराबरोबर चालणारं, बेरडाबरोबर शिकारीला जाणारं.

याच कुत्र्याचं दुसरं नाव मुधोळ. घटप्रभेकाठचं मुधोळ आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे, पण १९४८ साली विलीन होईपर्यंत ते घोरपड्यांचं मराठी संस्थान होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिथे राजे मालोजीराव घोरपडे होते. आपल्या मुलखातल्या बेडर लोकांजवळची (आपण बेरड म्हणतो ते) शिकारी कुत्री त्यांच्या डोळ्यांत भरली. त्यांनी निवडून निवडून जोड्या लावल्या, जात सावरली, आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. तेव्हापासून 'मुधोळचे हाऊंड' हे नाव पडलं ते पडलं. भेटीचं साल जो तो वेगळं सांगतो. पंचम जॉर्ज जानेवारी १९३६ मध्ये वारले, म्हणजे भेट त्याआधीचीच, एवढं नक्की.

ही गोष्ट सगळीकडे राजाची म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यातल्या बेडरांशी थांबावंसं वाटतं. याच मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडरांनी १८५७ साली शस्त्रं जमा करायला नकार दिला होता. इंग्रज फौजेने गाव जाळलं, अनेकांना फाशी दिलं. त्या लोकांच्या दारात ही कुत्री होती. मालोजीरावांचं श्रेय कमी करायचं नाहीये. त्यांना नजर होती म्हणून जात सावरली. पण सावरायला काहीतरी शिल्लक असावं लागतं, आणि ते शिल्लक ठेवलं होतं ज्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत अशा माणसांनी.

हे पटायला आपल्या कोल्हापूरचंच एक उदाहरण पुरेसं आहे. शाहू महाराजांना आणि त्यांच्यामागे राजाराम महाराजांना चित्त्यांच्या शिकारीचा शौक होता. काळवीट दिसलं की चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढायची आणि त्याला सोडायचं. त्यासाठी दरबारात तरबेज चित्तेवान होते. हिंदुस्थानातले चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा कोल्हापुरात आफ्रिकेतून चित्ते आणवले गेले. केवढा तो खर्च, केवढी ती बडदास्त! आणि पुढे? दरबार संपला तशी ती सगळी विद्याच संपली. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. दाजीपूरच्या शिकारीच्या रानाचं १९५८ साली अभयारण्य झालं.

चित्ताही नजरेवर धावणारा, कारवानही नजरेवर धावणारं. एकाच्या मागे राजाची तिजोरी होती, दुसऱ्याच्या मागे ज्वारीची भाकरी आणि वाडगाभर ताक. टिकलं ते ताक-भाकरीवालं. गरिबाला परवडलं म्हणून टिकलं, आणि कामाचं होतं म्हणून गरिबाने ते ठेवलं.

आता 'शुद्ध जात' या शब्दाबद्दल. ही कल्पना आज आपण ज्या अर्थाने वापरतो ती विलायती आहे. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. मग वंशावळीच्या नोंदवह्या आल्या, प्रदर्शनं आली. वहीत ज्याच्या आई-बापाचं नाव आहे ते शुद्ध, नाही ते अशुद्ध. बेरडाकडे किंवा धनगराकडे अशी वही नव्हती. त्याची परीक्षा रानात होत असे. जे कुत्रं धावलं, दमलं नाही, काट्यात पाय फुटूनही लंगडलं नाही, त्याचं पिल्लू ठेवायचं. बाकीच्यांची वीण आपोआप थांबायची. निष्ठुर पद्धत होती, पण चोख होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती परीक्षा बंद झाली. कायदा हवाच होता, ससा मारणं हा गुन्हा आहे आणि असावाही. पण शिकारी कुत्र्याचं काय? रान जो निवाडा करायचं तो आता माणसाने स्वतः करायचा. कुठली मादी ठेवायची, कुठला नर दाखवायचा, कुठलं पिल्लू वंशासाठी राखायचं आणि कुठलं नुसतं राखणीला द्यायचं. जात राखणाऱ्याचं खरं अवघड काम इथे सुरू होतं.

आमच्या नात्यातले गडहिंग्लजकडचे एक मामा (नाव लिहायला त्यांची परवानगी नाही, नातेवाईकांनी ओळखलं असेलच!) चाळीसेक वर्षं कारवान राखून होते. त्यांची वंशावळ दोन ठिकाणी असे. एक दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर, आणि दुसरी कालनिर्णयवर. मादी दाखवली की त्या तारखेला गोल करायचा आणि तिथून त्रेसष्ट दिवस मोजायचे. वहीत आई, बाप, पिल्लं किती, जगली किती, कुणाला दिली. पुढे एक शेरा. 'पाय चांगले', 'भित्री', 'एक वृषण, वीण नको'. बस्स.

गिऱ्हाईक आलं की मामा आधी त्याचीच मुलाखत घेत. शेत आहे का, पळायला जागा आहे का, घरी दिवसा कोण असतं. "बांधून घालायचं असंल तर मिळायचं न्हाई. साखळी मागाशी घ्या, आधी रान दावा." पुण्याच्या फ्लॅटवाल्यांना सरळ नकार. एकदा गावातल्याच भटक्या कुत्र्याने डाव साधला आणि त्या विणीतली पिल्लं देखणी निघाली. दोघांनी पैसे पुढे केले. मामांनी ती फुकट दिली आणि प्रत्येकाला सांगितलं, "हे कारवान न्हवं. तसं सांगू बी नका कुणाला." त्या काळात त्यांना पैशाची गरज नव्हती असं अजिबात नाही.

उन्हाळ्यातली एक वीण गॅस्ट्रोत गेली. गावाकडे ज्याला गॅस्ट्रो म्हणतात तो बहुतेक वेळा पार्व्हो नावाचा विषाणू असतो. १९७८ च्या सुमारास तो जगभर पसरला आणि त्यानंतर काही वर्षांत आपल्याकडेही आला. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू गार. सातातली पाच गेली. रात्रभर चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत बसल्या होत्या त्या मामी. वहीत त्या विणीपुढे फक्त 'जगली २' असं लिहिलंय. मामींचं नाव त्या वहीत कुठेच नाही, हे मला आत्ता ती चाळताना जाणवलं.

मग आला ग्रेहाऊंड. आपल्या भागात यात्रा-जत्रांत कुत्र्यांच्या शर्यती व्हायला लागल्या आणि पहिल्या काही सेकंदांचा वेग महत्त्वाचा ठरला. थोड्या अंतरात ग्रेहाऊंडला तोड नाही. साहजिकच लोकांनी कारवान माद्यांना ग्रेहाऊंड नर दाखवायला सुरुवात केली. पिल्लं भारदस्त, वेगवान, पैसे चांगले. पण कारवानचा गुण वेगळा आहे. ते उन्हात, दगडात, मैल न् मैल टिकतं. तो दमसास पातळ झाला की बाहेरून कारवान दिसणारं पण आतून दुसरंच असलेलं कुत्रं उरतं. आणि ते वरून ओळखता येत नाही, हीच खरी पंचाईत. अशी मिसळ चार-पाच पिढ्या चालली की मूळ शोधायला कुठे जाणार?

दुसरीकडे फॅशन. २००३ च्या मोबाईलच्या जाहिरातीने घराघरात पग आणला, मग लॅब्रॅडॉर, मग चक्क हस्की (कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये हस्की!). ज्यांना धंदा करायचा होता ते तिकडे वळले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, प्रत्येकाला पोट आहे. पण त्यामुळे देशी जात राखणारा अजून एकटा पडला.

त्यात नावाचा घोळ. केनेल क्लब ऑफ इंडिया नोंद करतो 'कारवान हाऊंड' म्हणून. टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हिमालयन शीपडॉग, रामपूर हाऊंड आणि राजपालयम यांच्या जोडीला हे आलं 'मुधोळ हाऊंड' म्हणून. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिकृत यादीतही मुधोळच. कुणी म्हणतं दोन्ही एकच, कुणी म्हणतं वेगळी. मराठी माणूस म्हणतो आमचं कारवान, कन्नड माणूस म्हणतो आमचं मुधोळ. सीमाप्रश्न कुत्र्यालाही सुटला नाही! कुत्र्याला अर्थात दोन्ही बाजूंची भाकरी चालते.

गेल्या काही वर्षांत दिवस जरा बदललेत. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथली काही पिल्लं २०१६ मध्ये लष्कराने मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी मुधोळचं नाव घेतलं. २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये सीमा सुरक्षा दलाच्या रिया नावाच्या मुधोळ मादीने विदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकून पहिला नंबर काढला. वाचून ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची झाली, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला आणि दीड वर्षाच्या आतल्या मादीची वीण घ्यायला बंदी आली. नियम चांगले आहेत. मामा ते नियम येण्याआधीपासून पाळत होते.

पण कौतुक वाढलं की मागणी वाढते, आणि मागणी वाढली की वही पातळ होते. हवं तेवढं मिळेना की जवळच्या रक्तात वारंवार जोड्या लागतात, नाहीतर मिसळ होते. पहिल्यात पिल्लं कमी आणि कमजोर निघतात, दुसऱ्यात जातच जाते. बाहेरच्या जगाला हे अनुभवाने कळलंय. आफ्रिकेतल्या बसेंजी या कुत्र्याची अमेरिकेतली नोंदवही इतकी वर्षं बंद होती की आनुवंशिक आजार घर करून बसले. शेवटी १९९० मध्ये अमेरिकन केनेल क्लबने वही उघडली आणि आफ्रिकेतल्या खेड्यांतून आणलेल्या, कसलेही कागद नसलेल्या कुत्र्यांची त्यात नोंद केली. म्हणजे कागदवाल्यांना शेवटी बिनकागदवाल्यांच्या दारात जावं लागलं.

आपल्याकडे ती बिनकागदाची कुत्री अजून आहेत. धनगरवाड्यांवर, कोरडवाहू शेतात, सीमेच्या दोन्ही बाजूंना. ती राखणारी माणसं मात्र म्हातारी होतायत. मुलं पुण्याला, बंगळूरला. एक माणूस गेला की त्याच्याबरोबर चाळीस वर्षांचे शेरे जातात. कुठल्या रक्तात भित्रेपणा आहे, कुठल्यात पाय नाजूक आहेत, कुठली जोडी पुन्हा लावू नये. हे कुठल्याही डीएनए तपासणीत इतक्या स्वस्तात मिळणार नाही. मला वाटतं, जात राखणं म्हणजे मुळात खरं बोलणं आणि नाही म्हणणं. शिकवायला सोपं, करायला महाग.

मामांची वही सध्या माझ्याकडे आहे. शंभरावर नोंदी आहेत, त्या मी टाईप करायला घेतल्यात. आजरा, गडहिंग्लज, कागल, निपाणी, संकेश्वर भागात कुणाच्या घरात अशी वही, जुने फोटो किंवा नुसत्या आठवणी असतील तर जरूर कळवा. वही मागणार नाही, फोटो काढून पाठवला तरी चालेल. आणि नातेवाईक मंडळींनो, १९८० च्या आसपास मामांकडून कुणी पिल्लू नेलं होतं का? वहीत 'पाव्हणे, कोल्हापूर' एवढंच लिहिलंय.