पाइनच्या झाडाखालची पत्रं

‘पाइन’ म्हटलं की आपल्या मुलांना नाताळचं झाड आठवेल. पण १९९०च्या दशकात आणि पुढेही काही वर्षं इथे शिकायला आलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांना घराशी जोडून ठेवलं ते या नावाच्या ईमेल प्रोग्रॅमने! मी २००१ साली एम.एस.साठी आलो तेव्हा विद्यापीठाच्या लॅबमध्ये काळ्या पडद्यावर तोच उघडायचा.

पाइनचा जन्म १९८९ साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला. आधी ‘एल्म’ नावाचा प्रोग्रॅम होता, त्यावरूनच पाइनची सुरुवात झाली. म्हणून एका झाडावरून दुसऱ्या झाडाचं नाव. हेतू साधा होता: कॉम्प्युटरची फारशी ओळख नसलेल्या कर्मचाऱ्यांनाही ईमेल जमावं. त्यासाठी पडद्याच्या तळाशी दोन ओळींत कोणती कळ काय करते ते लिहिलेलं असे. सी म्हणजे नवं पत्र, आर म्हणजे उत्तर, डी म्हणजे काढून टाका, यू म्हणजे काढलेलं परत आणा. लिहून झालं की कंट्रोल-एक्स, पत्र रवाना! माउस नको, पाठांतर नको.

सगळ्यात गुणी कळ कंट्रोल-जे. टर्मिनलच्या एका ओळीत साधारण ८० अक्षरं मावत. हा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० रकान्यांच्या पंचकार्डापासून चालत आलेला. मधेच चार शब्द घातले की ओळी लांब-आखूड होत. कंट्रोल-जे दाबलं की परिच्छेद पुन्हा नीट बसे. मात्र तिला गद्य-पद्य कळत नसे. ओवी लिहून ही कळ दाबली, तर चारही चरण एका रांगेत! लगेच कंट्रोल-यू दाबलं की ओवी पूर्ववत.

देवनागरीची सोय नव्हती. मराठी रोमन लिपीत लिहायचं, आणि ‘आई’ला ए एक की दोन हे ज्याचं त्याने ठरवायचं. तिकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांना खुलं केलं होतं, पण विद्यार्थ्यांची स्वस्त खाती नुसत्या अक्षरांचीच होती.

ओळींच्या दुखण्यावर १९९९ साली एक मानक आलं. ओळीच्या शेवटी मोकळी जागा सोडली असेल, तर मजकूर पुढे चालू आहे असं समजायचं. मग वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम आपल्या पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी मांडतो. पाइनची शेवटची आवृत्ती २००५ची. २००७मध्ये त्याच्या जागी ‘अल्पाइन’ आला. पाइनच्या ‘पिको’ या संपादकाच्या धर्तीवर ‘नॅनो’ तयार झाला. लिनक्स शिकणारी आपली मुलं तो वापरतात. तळाच्या त्या दोन ओळी तिथे अजून आहेत.

ही पत्रं साध्या मजकुराच्या फाइलीत राहत, त्यामुळे ती आजही कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतात. माझ्या फाइलीत बाबांची पत्रं आहेत, सायबर कॅफेतून एका बोटाने टाइप केलेली, ओळी वेड्यावाकड्या तुटलेल्या. बाबा आता नाहीत. त्या ओळी मी नीट केलेल्या नाहीत, करणारही नाही. तुमच्याकडे अशी फाइल कुठे पडली असेल, तर या सुट्टीत शोधा, दोन ठिकाणी जपून ठेवा आणि मुलांना वाचून दाखवा.