हिमालयातील पवित्र सरोवरे : दुधनीच्या धम्मयात्रींसाठी माहिती

दुधनी (ता. अक्कलकोट, जि. सोलापूर) आणि सीमाभागातील बौद्ध तरुणांच्या यात्रा सहसा ठरलेल्या असतात. नागपूरची दीक्षाभूमी, मुंबईची चैत्यभूमी, महाडचे चवदार तळे आणि जमले तर बोधगया व सारनाथ. या यादीत हिमालयातील बौद्ध सरोवरांची भर घालायची असेल, तर कुठे जावे, काय पाहावे, काय काळजी घ्यावी आणि तिथल्या श्रद्धेकडे आंबेडकरी बौद्ध म्हणून कसे पाहावे, याची ही माहिती.

रिवालसर (जि. मंडी, हिमाचल प्रदेश)

उंची सुमारे १,३६० मीटर. तिबेटी बौद्ध याला 'त्सो पेमा' म्हणजे कमळाचे सरोवर म्हणतात. मंडीच्या राजाने गुरू पद्मसंभव यांना जिवंत जाळण्याचा प्रयत्न केला आणि त्या आगीचे सरोवर झाले, अशी इथली कथा आहे. काठावर विहार आहेत, हिंदू मंदिर आहे आणि गुरू गोविंदसिंग यांच्या आठवणीचा गुरुद्वाराही आहे. पद्मसंभव यांच्या १२३ फूट उंच मूर्तीचे उद्घाटन २०१२ साली दलाई लामांच्या हस्ते झाले. वरच्या डोंगरावर ध्यानाच्या गुहा आहेत. तिकडे जाताना सरोवर आणि गाव एका नजरेत दिसते. पहिल्याच यात्रेसाठी आणि वयस्कर मंडळींसाठी हे ठिकाण सर्वांत सोपे.

खेचिओपालरी (पश्चिम सिक्कीम)

उंची सुमारे १,७०० मीटर, पेलिंगहून गाडीने जाता येते. पाण्यावर पडलेले पान पक्षी लगेच उचलून नेतात, अशी श्रद्धा आहे. इथे मासेमारी चालत नाही. जवळच्या टेकडीवर अर्धा-पाऊण तास चढून गेले की सरोवर पावलाच्या आकाराचे दिसते. बौद्ध लोक ते तारादेवीचे पाऊल मानतात. २०२५ साली या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत समावेश झाला.

त्सोमगो (गंगटोकपासून सुमारे ४० किमी)

उंची सुमारे ३,७५० मीटर, म्हणजे १२ हजार फुटांच्या वर. पूर्वी लामा पाण्याच्या रंगावरून भविष्य सांगत, असे मानतात. हिवाळ्यात सरोवर गोठते. रोपवेने वर गेल्यास खाली संपूर्ण सरोवर दिसते.

गुरुडोंगमार (उत्तर सिक्कीम)

उंची १७ हजार फुटांहून जास्त. तिस्ता नदीच्या उगमांपैकी एक. पद्मसंभव यांनी स्पर्श केलेला पाण्याचा भाग थंडीतही गोठत नाही, अशी श्रद्धा आहे. लाचेन गावात मुक्काम करून पहाटे निघावे लागते, कारण दुपारी वारा फार वाढतो.

प्रवास आणि परवाने

दुधनीहून रेल्वेने किंवा एसटीने सोलापूर गाठावे. रिवालसरसाठी सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली आणि तिथून बसने मंडी. मंडीहून रिवालसर सुमारे २५ किमी आहे. सिक्कीमसाठी नागपूर व हावडा मार्गे न्यू जलपाईगुडी आणि पुढे गाडीने गंगटोक किंवा पेलिंग. नागपूरला गाडी बदलताना दीक्षाभूमीचे दर्शनही होते.

त्सोमगो आणि गुरुडोंगमार सीमेजवळ असल्याने भारतीयांनाही परवाना लागतो. तो गंगटोकमधील नोंदणीकृत प्रवासी संस्थेमार्फत मिळतो. मतदार ओळखपत्र आणि पासपोर्ट आकाराचे फोटो सोबत ठेवावेत. सिक्कीमला पावसाळ्यात जाऊ नये, दरडी कोसळतात.

उंचीचा त्रास

सोलापूरची उंची ४५० मीटरच्या आसपास. आपल्या शरीराला विरळ हवेची सवय नसते. गुरुडोंगमारला श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन इथल्या निम्म्याच्या जवळ येतो. डोके दुखणे, मळमळ आणि झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे. ती दिसली की आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाणे, बसल्या जागी दम लागणे किंवा बोलणे असंबद्ध होणे, असे काही झाले तर ताबडतोब खाली आणावे. 'आलोच आहोत तर पाहूनच जाऊ' हा हट्ट जिवावर बेततो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. दारू पूर्ण टाळावी.

श्रद्धा आणि आपण

या कथा वज्रयान परंपरेतल्या आहेत. त्या खऱ्या मानण्याची आपल्यावर सक्ती नाही, पण त्या मानणाऱ्यांची टिंगल करण्याचाही आपल्याला अधिकार नाही. पाण्याने पाप धुतले जात नाही, ही बुद्धांच्या काळापासूनची शिकवण आहे. थेरीगाथेतील पुण्णा थेरी आधी पाणी भरणारी दासी होती. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला तिने समजावले, की स्नानाने शुद्धी होत असती तर मासे, बेडूक आणि कासवे सर्वांच्या आधी स्वर्गात गेली असती.

पाण्याची खरी प्रतिष्ठा कशात आहे, हे बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर दाखवले. जे पाणी सर्वांसाठी खुले, ते पाणी मानाचे. त्या तळ्याचा खटला १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने संपला. ज्या समाजाने पाण्यासाठी असा लढा दिला, त्याने दुसऱ्याच्या पाण्यात घाण करणे शोभत नाही.

३-४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटले. त्या पुरात चुंगथांगचे धरण वाहून गेले आणि उत्तर सिक्कीमचे रस्ते तुटले. हा डोंगर नाजूक आहे. म्हणून निघण्यापूर्वी रस्ता सुरू असल्याची खात्री करावी आणि गटाने काही नियम ठरवून घ्यावेत :

- प्लास्टिकच्या बाटल्या व पाकिटे परत आणायची.
- पाण्यात उतरायचे नाही, नाणी टाकायची नाहीत, साबण वापरायचा नाही.
- विहारात आणि काठावर जोरात गाणी लावायची नाहीत.
- प्रार्थनेच्या पताका व दगडांच्या रचना हलवायच्या नाहीत.
- शक्य तिथे स्थानिक कुटुंबाच्या घरगुती निवासात राहायचे.

काठावर शांत बसून त्रिसरण-पंचशील म्हणावे आणि दहा मिनिटे आनापान करावे. त्यासाठी परवाना लागत नाही आणि खर्चही येत नाही.