हिशेबात न धरलेली मेहनत

आपली गोष्ट आपणच छापली, तर किंमत किती ठेवायची?

१९१७ साली लंडनजवळच्या रिचमंडमध्ये लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि त्यांचे पती लिओनार्ड यांनी हातानं चालवायचं छोटं छपाईयंत्र घेतलं, जेवणघरात मांडलं आणि दोघांच्या एकेक कथेची पुस्तिका काढली. व्हर्जिनियाबाईंनी स्वतः खिळे जुळवले, पानं शिवली. प्रती सुमारे १५०, किंमत दीड शिलिंग. ओळखीपाळखीच्या लोकांना पत्रकं पाठवून मागणी गोळा केली.

खर्च आला ३ पौंड ७ शिलिंग. त्यात कागद, मुखपृष्ठ आणि चित्रांसाठी डोरा कॅरिंग्टन यांना दिलेले १५ शिलिंग धरले होते. विक्री झाली १० पौंड ८ शिलिंगांची. म्हणजे नफा ७ पौंड १ शिलिंग!

पण या खर्चात लेखकांचं मानधन नव्हतं, खिळे जुळवण्याची मजुरी नव्हती, यंत्राचे सुमारे १९ पौंडही नव्हते. मग खरा नफा किती?

पापड विकताना आपणही लाटण्याची मजुरी सोडूनच देतो ना? तेव्हा वहीत पहिली ओळ कागदाची नको, आपल्या तासांची लिहा. किंमत त्यानंतर ठरवा.