मधून काठाकडे

तबकडीसाठी गाडीइतकी वाईट जागा दुसरी नसेल. धूळ, ऊन, दमट हवा आणि खड्डे, तिचे सगळे वैरी तिथे एकत्र मुक्कामाला असतात. तरीही चालत्या गाडीत तबकडी वाजवण्याचा हट्ट माणसानं साठेक वर्षं सोडला नाही. या हट्टाचा इतिहास मला आवडतो, कारण त्यातलं जवळजवळ प्रत्येक पाऊल कुठल्यातरी धक्क्यावर काढलेला तोडगा आहे.

सुरुवात अमेरिकेत झाली. पीटर गोल्डमार्क हा सीबीएसच्या प्रयोगशाळेतला माणूस. १९४८ साली बाजारात आलेल्या एलपी रेकॉर्डमागे त्याचं नाव घेतलं जातं. त्याच्याच प्रयोगशाळेतून क्रायस्लर कंपनीच्या १९५६ च्या गाड्यांमध्ये 'हायवे हाय-फाय' आला. डॅशबोर्डखाली बसवलेला चक्क एक रेकॉर्ड प्लेअर! गाडी हलली की सुई उडणार, हे उघड होतं. म्हणून तबकडी फिरवली अगदी सावकाश, मिनिटाला १६⅔ फेरे, आणि खाचा केल्या नेहमीपेक्षा बारीक. सात इंची तबकडीच्या एका बाजूवर पाऊण तासाचं संगीत मावायचं.

यंत्र चांगलं होतं, गोम दुसरीकडे होती. या तबकड्या फक्त कोलंबिया काढायची, आणि घरातल्या रेकॉर्ड गाडीत वाजायच्या नाहीत. आज समजा एखादं अॅप फक्त तुमच्या गाडीतच उघडत असेल आणि त्यात मोजकीच गाणी असतील, तर किती दिवस ठेवाल? दशक संपता संपता तो प्रकार गुंडाळला गेला. मग १९६० मध्ये आरसीएनं नेहमीच्या ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्ड वाजवणारं यंत्र क्रायस्लरच्या गाड्यांत आणलं, एका वेळी १४ रेकॉर्डची चळत लावता येणारं. सुई उडू नये म्हणून तिचा दाब वाढवलेला. त्यामुळे सुई जागेवर राहायची आणि रेकॉर्ड झिजायच्या. तेही फार टिकलं नाही.

नंतर कॅसेट आली आणि तबकडीला गाडीतून हाकलून दिलं. आपल्याकडे तर बहुतेकांच्या गाडीत रेडिओनंतर थेट कॅसेटच आली. आजही जुने लोक गाडीतल्या कुठल्याही यंत्राला 'टेप'च म्हणतात. फिलिप्सच्या ज्या लू ओटन्सच्या चमूनं १९६३ मध्ये कॅसेट जगापुढे ठेवली, तोच ओटन्स पुढे सीडीच्या घडणीतही होता. म्हणजे ज्यानं तबकडीला घालवलं, त्यानंच तिला परत यायला हात दिला.

सीडी १९८२ मध्ये जपानात विक्रीला आली आणि दोनच वर्षांत, १९८४ मध्ये, पायोनियर आणि सोनीनं गाडीतले सीडी प्लेअर आणले. आता सुई नव्हती. लेझरचा किरण तबकडीला शिवत नाही, त्यामुळे झीज नाही. पण संकट मात्र वाढलं होतं. सीडीवर माहितीची एकच लांबलचक वाट असते, आतून बाहेर उलगडत जाणारी, आणि तिच्या दोन वेढ्यांमधलं अंतर असतं १.६ मायक्रॉन. एका मिलिमीटरात सहाशेहून जास्त वेढे. तबकडी मिनिटाला २०० ते ५०० फेरे घेत असताना, आणि गाडी स्पीडब्रेकरवरून आदळत असताना, एका इवल्याशा भिंगानं ही वाट सोडायची नाही!

यावर इंजिनिअरांनी आधी स्प्रिंगा आणि रबराची गादी दिली. सहा किंवा दहा सीड्यांचा चेंजर डिकीत नेऊन ठेवला. खोक्यातल्या सीड्या बदलायच्या तर गाडी थांबवून डिकी उघडायची, अशी सोय. खरा तोडगा निघाला तो स्मृतीचा. तबकडी गरजेपेक्षा वेगानं वाचायची, पुढचे काही सेकंद चिपमध्ये साठवायचे आणि धक्का बसला तर तेवढ्यात भिंगानं पुन्हा वाट शोधायची. मोबाइलवर व्हिडिओ बघताना पुढचा भाग आधीच उतरून ठेवलेला असतो ना, तेच.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत एका ओळीत उरकलेली असते: सीडी मधून काठाकडे सरळ पुसा, गोल फिरवून पुसू नका. एलपी पुसायची तऱ्हा याच्या बरोबर उलटी, खाचेच्या दिशेनं गोल. मग इथे उलटं का? कारण सीडीवर सलग आवाज सलग लिहिलेलाच नसतो. तो तुकडे करून, वाटेवर लांब लांब विखरून लिहितात आणि सोबत गणितानं काढलेले जादा आकडे ठेवतात. वाटेचा अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा पुसला गेला तरी उरलेल्यावरून तो जसाच्या तसा भरून काढता येतो. मधून काठाकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वेढ्याला क्षणभरच आडवा जातो. तेवढं हे गणित निभावून नेतं. गोल ओरखडा मात्र वाटेबरोबर चालत राहतो, आणि तिथे ते हरतं.

खालच्या चकचकीत बाजूला आपण फार जपतो. खरं तर तिथे १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आहे. नाजूक असते ती छापील बाजू. ॲल्युमिनियमचा पातळ थर तिथे नुसत्या लाखेखाली असतो. त्यावर बॉलपेननं नाव लिहिलं की गाणंच खरवडलं जाऊ शकतं. कागदी लेबल चिकटवलं तर ते उन्हात सुटतं आणि सीडी डेकच्या फटीत अडकून बसते. पावसाळ्यात एसीनं गार झालेल्या भिंगावर दमट हवेचं पाणी धरलं तर यंत्र काही काळ आंधळं होतं. अशा वेळी सीडी बाहेर काढून तासभर थांबावं, दुसरा इलाज नाही.

आपल्याकडे गाडीतल्या सीडीचा खरा बहर आला तो एमपीथ्रीमुळे. ७०० एमबीत दीडेकशे गाणी. फूटपाथवर, एसटी स्टँडबाहेर त्या मिळायच्या, कायद्याचं नाव न काढता. ठासून भरलेल्या सीडीवरची शेवटची गाणी आधी अडखळू लागायची, कारण वाचन आतून सुरू होतं आणि शेवट असतो काठाशी, जिथे बोटं जास्त लागतात आणि वाकही जास्त असतो. वाया गेलेल्या सीड्या गाडीच्या आरशाला लटकायच्या, नाहीतर शेतात पाखरं हाकायला. मग पेनड्राइव्ह आला, ब्लूटूथ आलं, आणि नव्या गाड्यांमधून ती फट एकेक करून नाहीशी झाली. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं.

माझ्यासाठी हा विषय इथे संपत नाही. आजोबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेट काकांनी २००६ मध्ये एका स्टुडिओतून सीडीवर उतरवून घेतल्या. चार सीड्या झाल्या. "आता सीडी आहेत की," म्हणून कॅसेट भंगारात गेल्या. या सीड्या कारखान्यात ठसे उमटवून केलेल्या नव्हेत. भाजलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर त्यावर डाग पाडून लिहितो. ऊन आणि उष्णता त्या रंगाला खातात. आमच्या चारही सीड्या कित्येक उन्हाळे बाबांच्या गाडीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात होत्या. आणि घरात सीडी वाचू शकणारं शेवटचं यंत्रही त्याच गाडीत उरलं होतं. त्याला फक्त वाजवता येतं, प्रत काढता येत नाही. गाडी आता विकायची ठरली आहे.

तुमच्या घरीही असं पाकीट असेल तर आधी घरी भाजलेल्या सीड्या काढा. कंपनीच्या सीड्या बहुधा अजून थांबतील. यूएसबीला लागणारा साधा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. मऊ सुती कापड घ्या, मधून काठाकडे पुसा. भिंग साफ करणारी ब्रशवाली सीडी मात्र गाडीच्या डेकमध्ये घालू नका, बऱ्याच पुस्तिका त्याला मनाई करतात.

आमच्या तीन सीड्या अशा उतरल्या. चौथी अकराव्या भजनाशी लॅपटॉपवर थांबते, पुढे जातच नाही. गाडीचा डेक मात्र एकदोनदा अडखळून तीच सीडी शेवटपर्यंत वाजवतो. खड्ड्यांसाठी शिकवलेला धीर असेल कदाचित. शेवटी इंजिन बंद ठेवून, काचा वर करून आम्ही फोन स्पीकरपाशी धरला. त्या फाइलमध्ये आजोबांच्या आवाजामागे सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची घरघर आहे, आणि एका ठिकाणी बाबांचा खोकला.